फादर डेलाहंट यांची रविवारची भाषणे

जुन्या पुस्तकांचा वास किती छान, असं गिऱ्हाइकं दुकानात शिरता शिरता म्हणतात. मी हसते आणि गप्प बसते. तो वास बुरशीचा असतो. माझं दुकान हॅमट्रॅमकमध्ये, बेकरीला खेटून आहे, त्यामुळे माझ्या बुरशीला थोडा पावाचा वास लागतो इतकंच. अठ्ठावीस साली याच गावात जन्मले, इथेच म्हातारी होत चालले आहे. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. वडिलांजवळ राहिले.

बाबा, म्हणजे लुद्विक झारेम्बा, पोलंडमधून अमेरिकेत आले आणि मोटारीच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रावर जन्मभर उभे होते. एक कान त्यातच गेला. ही गोष्ट घडली त्या वर्षी मार्चमध्ये त्यांना झटका आला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. सूप खारट झालं की माझ्याकडे असं बघत की मीच ताट उचलून न्यावं. पण तोंडातून शब्द नाही. ओठ उघडत, जीभ हलत असे, आणि मग ते मान फिरवून भिंतीकडे बघत बसत. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम भांड्यांचा आवाज करायची.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायच्या आधी एक पांढरी पापडी मोडतात. कागदासारखी पातळ, चर्चमधून आणलेली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडायचा, आणि तोंडाने त्याचं भलं चिंतायचं. मनातल्या मनात चालत नाही. बाबांचं चिंतन दरवर्षी एकच. "तब्येत सांभाळ, फेल्का, आणि जरा गोड बोलायला शीक." माझं नाव फेलिट्सिया. फेला म्हणणारे पुष्कळ, फेल्का म्हणणारे एकटे बाबा. मी म्हणायची, "आधी तुम्ही शिका." की झालं, सूप वाढायचं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा नाताळ धरून चालू नका. म्हणजे उरला हा एक. मला तेवढं एक वाक्य हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही मी देवाकडे, आणि तसं आमचं फारसं बोलणंही नाही.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या एका बंद पडलेल्या शाळेची पुस्तकं आली. खोक्याच्या तळाशी निळ्या कापडी बांधणीचा एक ग्रंथ होता: फादर डेलाहंट यांची रविवारची भाषणे. आत त्यांची सही, लफ्फेदार, काळ्या शाईत.

हे फादर डेलाहंट कोण, ते इथल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा. माझ्या लहानपणी दर रविवारी तीन वाजता ते रेडिओवर बोलत. उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या असायच्या, आणि आमच्या गल्लीत घरं अशी चिकटून की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी त्यांचा एक शब्द चुकत नसे. काय आवाज होता! आधी मायेने बोलायचे, कामगारांबद्दल, भुकेल्या पोरांबद्दल. आया डोळे पुसायच्या. मग आवाज चढायचा, आणि तुमच्या पोराच्या तोंडचा घास कोणी पळवला ते फादर सांगायचे. सावकार म्हणता म्हणता ज्यू म्हणायला लागले. शेवटी चर्चनेच त्यांचं तोंड बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता ते मरूनही बरीच वर्षं झाली, आणि त्यांचं पुस्तक शौकीन लोक शोधत फिरतात. काही इतिहासासाठी. काही कशासाठी ते मी विचारत नाही.

आमच्या घरी रेडिओ स्वयंपाकघरात होता. भाषण चालू असताना बटणाला हात लावायचा नाही असा आईचा दंडक. मिसेची प्रार्थना चालू असताना पाद्र्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं ते, असं ती म्हणायची. बाबा रेडिओच्या अगदी शेजारी मान खाली घालून बसत, आणि आई त्यांचा हात आपल्या हातात घट्ट धरून. मला ते फार आवडायचं. एरवी ती दोघं एकमेकांना हात लावताना मी कधी पाहिली नाहीत.

ओहायोमधले एक निवृत्त दंतवैद्य, मिस्टर प्रुइट, या पुस्तकाच्या मागे वर्षानुवर्षं होते. मी त्यांना फोन केला. ते इतके हरखले की दोनदा माझे आभार मानले. सध्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हिंडताफिरता आलं की स्वतः न्यायला येतो, म्हणाले. तोवर पानं तपासून ठेवते, असं मी कबूल केलं. महागडं पुस्तक विकायच्या आधी त्याचं पान न् पान उलटून बघावं लागतं. एखादं फाटलेलं निघालं तर नाक कापलं जातं.

दुकानात थंडी होती म्हणून मी पुस्तक घरी आणलं. बाबांची खाट स्वयंपाकघरातच, शेगडीजवळ लावली होती. मी टेबलाशी बसून पानं उलटत होते आणि मधेच एखादं वाक्य नाटकी आवाजात वाचून त्यांना चिडवत होते. "ऐका बाबा, तुमचा लाडका फादर काय म्हणतोय. 'माझ्या मित्रांनो, हा पाव तुम्ही भाजलात, पण सुरी...'"

वाक्य पुढच्या पानावर जात होतं. पान उलटायला मी बोट ओलं केलं.

"...पण सुरी मात्र दुसऱ्याच्या हातात आहे," बाबा म्हणाले.

माझ्या हातून पुस्तक पडलं. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले, त्यांचे गुडघे धरले, आणि लहान पोरीसारखी रडले. ते माझ्याकडे बघत होते. मग मी पुस्तक उचललं आणि पान उलटलं. तेच शब्द होते.

यात जगावेगळं काही नव्हतं, हे लक्षात घ्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ झालेली प्रार्थना, गाणी अख्खीच्या अख्खी बाहेर येतात. ती मेंदूत दुसरीकडे कुठेतरी असतात. "वाचत राहा," ते म्हणाले. "धागा मिळालाय, सोडू नका."

मग काय, मी वाचत राहिले. दुकान बंद करून आले की कोट काढायच्या आधी पुस्तक काढायची. मी अर्धं वाक्य वाचायचं, बाबांनी पुरं करायचं. आठवड्याभरात ते दोन दोन वाक्यं बोलायला लागले, मग परिच्छेद. वरच्या मजल्यावर गेनोव्हेफा नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात. आईच्या मैत्रीण, म्हणून मी त्यांना गेन्या मावशी म्हणते. त्यांनी जिन्यातूनच विचारलं, "काय गं फेला, रेडिओ घेतलास वाटतं?"

"बाबा बोलतायत, मावशी!"

त्या पायरीवर थांबल्या. आनंद झाला असं तोंडाने म्हणाल्या, पण कठडा धरून उभ्याच राहिल्या.

मला तेव्हाच ऐकायला हवं होतं. बाबांचं इंग्रजी म्हणजे कारखान्यातलं, मोडकंतोडकं. पन्नास वर्षांत त्यांना या देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव धड उच्चारता आलं नाही. आता त्यांच्या तोंडून गोळीबंद इंग्रजी येत होतं. 'र' असा घोळवून, लांबवून, जसं आमच्या घराण्यात कोणी बोललं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, ऐकून ऐकून बसलंय. बोलायच्या आधी त्यांच्या घशात एक खरखर व्हायची, बारीक, चढती उतरती. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि कफ आहे म्हणाले. औषध दिलं. खरखर गेली नाही.

आणखी एक. मी वाचून झालेली मागची पानं चाळली तर छपाई फिकी दिसली. आधी नीट होती. मी पुस्तकं विकणारी बाई, पहिल्यांदा पान बघताना मी शाई बघते. पहिल्या भाषणाची पानं तर जवळजवळ कोरी झाली होती, उजेडाला तिरकी धरली की अक्षरांचे नुसते दाब दिसायचे. शेगडीची ऊब, स्वस्तातली शाई. मी पुस्तक शेगडीपासून लांब ठेवायला लागले. कारण सापडलं की माणूस किती लवकर गप्प बसतो.

पहिला बर्फ पडला त्या रविवारी मी बटाटे सोलत होते. पुस्तक दुकानात राहिलं होतं. तीन वाजले, चर्चची घंटा झाली, आणि बाबांच्या घशात खरखर सुरू झाली.

"माझ्या मित्रांनो," ते म्हणाले.

ते तासभर बोलले. मी काही वाचलं नव्हतं. चेहरा त्यांचा ओळखीचाच, गालावर सकाळी मीच दाढी करताना लागलेलं, आणि डोळे माझ्यावर रोखलेले. ओठ बोलत होते ते एक, आणि डोळे दुसरंच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी समजले, आनंदाचं.

अशी मी शहाणी.

नाताळच्या आदल्या दिवशी मी सगळं रीतीप्रमाणे केलं. टेबलक्लॉथखाली मूठभर गवत, बिटाचं सूप, हेरिंग मासे, मशरूमचं सारण भरलेल्या पिएरोगी. आमची दोघांची ताटं, गेन्या मावशींचं एक, आणि एक रिकामं. ते दरवर्षी मांडायचंच असतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या संध्याकाळी दारात कोणी आलं तर त्याला परत पाठवायचं नसतं. लहानपणापासून मी ते ताट मांडत आले आहे, आणि कधीही कोणीही आलेलं नाही.

पुस्तक मी मांडीवर घेऊन बसले होते. विचार असा की थोडं वाचून बाबांची जीभ सैल करायची, आणि त्या ओघात ते आपलं वाक्य बोलून जातील. एवढंसं तर वाक्य. मी शेवटच्या भाषणापाशी उघडलं. तेवढंच काळं उरलं होतं.

खिडकीतून गेन्या मावशींना चांदणी दिसली. मी पापडी बाबांच्या हातात दिली आणि माझी पुढे केली. "बोला बाबा. तब्येत सांभाळ..."

ते नुसते पापडीकडे बघत राहिले.

मी पुस्तकातली एक ओळ वाचली. खरखर झाली. "माझ्या मित्रांनो, या पवित्र संध्याकाळी मी तुमच्या घरात, तुमच्या टेबलाशी बसलो आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांची मान रिकाम्या ताटाकडे वळली. "तुम्ही माझ्यासाठी जागा ठेवलीत."

मी पुस्तकात पाहिलं. ते वाक्य तिथे नव्हतं.

"फेला, पुरे कर," गेन्या मावशी म्हणाल्या.

"थांबा हो मावशी, आत्ता येईल. आत्ता बोलतील."

आवाज चढत गेला. पाव, सुरी, पळवणारे हात. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांच्या मुठीत पापडी होती. आणि मग एका श्वासाच्या फटीतून, आमच्या भाषेत, बहिऱ्या माणसाच्या त्या जरा जास्त मोठ्या आवाजात, माझे बाबा बोलले.

"बंद कर, फेल्का."

मी पुस्तक मिटलं.

आवाज थांबला नाही.

मी पुस्तक खाली टाकलं, त्यांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तळहाताखाली ओठ हलत राहिले. गेन्या मावशी रडत होत्या. "लुद्विकला हा पाद्री कधीच सहन व्हायचा नाही गं," त्या म्हणाल्या. "झेलमनचं दुकान पोरांनी फोडलं ना, कोपऱ्यावरच्या ज्यू किराणावाल्याचं? संप चालला होता तेव्हा महिनोन् महिने ज्याने तुम्हाला उधारीवर जगवलं, त्याचं. तेव्हापासून लुद्विक दर रविवारी बटणाकडे हात न्यायचा. आणि तुझी आई तो हात धरून ठेवायची. तास न् तास."

मला आईचा हात दिसला. घट्ट, बोटं पांढरी पडलेली.

बाबा फेब्रुवारीतल्या मेणबत्तीच्या सणापर्यंत जगले. त्या काळात त्यांचं स्वतःचं असं एकही वाक्य मला मिळालं नाही. फादरचं मात्र उतू जात होतं, रविवार आणि आडवार काही राहिला नव्हता. शेवटच्या दुपारी मी रीतीप्रमाणे चर्चमध्ये मंतरलेली मेणबत्ती त्यांच्या हातात धरली, वरून माझा हात. ते बोलतच होते. श्वास थांबला त्यानंतर वाक्य पुरं झालं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गेन्या मावशी तिथे होत्या, त्यांनीही नाही.

मुठीतली पापडी त्यांनी नाताळपासून सोडली नव्हती. ती तशीच त्यांच्याबरोबर गेली.

मिस्टर प्रुइट मार्चमध्ये काठी टेकत आले. मी सांगून टाकलं की पानं कोरी पडली आहेत, तुमची फेरी फुकट गेली. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांची चेष्टा करतेय. छपाई काळीभोर होती. पहिल्या पानापासून.

"इतकी ताजी प्रत मी आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणाले. "तुम्ही भलत्याच कडक तपासता हो."

मी पुस्तक दोन कागदांत बांधलं, वरून सुतळीच्या चार गाठी मारल्या, आणि त्यांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहिले. वाटलं, सुटले.

एप्रिलमध्ये एका रविवारी, जेवणं आटपल्यावर, फोन वाजला.

"मिस झारेम्बा, त्रास देतोय," मिस्टर प्रुइट म्हणाले. फार खुशीत होते. "या पुस्तकात एक पान जास्त आहे. शेवटच्या भाषणानंतर. दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही, मी सगळीकडे विचारलं. पानभर एकच ओळ, पुन्हा पुन्हा, वरपासून खालपर्यंत. मला वाटतं तुमची भाषा आहे. वाचून दाखवू का?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला.

त्यांनी वाचलं. अडखळत, अक्षरं फोडत, परक्या भाषेचं आपण वाचतो तसं. काय वाचताहेत ते त्यांना कळत नव्हतं. मला पहिल्याच शब्दाला कळलं: बंद कर, फेल्का.

"फेल्का हे कुणाचं नाव आहे का?" त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात उभी होते. बाबांची खाट अजून काढली नव्हती. हे पुस्तक मोठ्याने वाचलं की वाचणाऱ्याच्या घरात काय होतं, हे जगात मला आणि गेन्या मावशींना, दोघींनाच ठाऊक होतं. तो बिचारा दात काढणारा म्हातारा, त्याने माझं काय वाकडं केलं होतं? मी सांगायला हवं होतं, मिटा ते, जाळा.

पण ते फेल्का म्हणाले होते. माझ्या घरात मला आता फेल्का म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"अजून एकदा वाचा," मी म्हटलं.

मग फोनमध्ये खरखर झाली, बारीक, चढती उतरती.

त्यांनी पुन्हा वाचलं. बहिऱ्या माणसाच्या त्या जरा जास्त मोठ्या आवाजात. या वेळी त्यांचा एकही उच्चार चुकला नाही.